बिचारी किती सेंटिमीटर?

मी एक केटली. पण नुसती चहाची केटली समजू नका. विद्यापीठाच्या विज्ञान विभागात मी बरीच वर्षं शिकवलं आहे. हसलात ना? सगळेच हसतात. पण माझ्यासमोर बसून जेवढी मुलं शास्त्रीय लिहायला शिकली, तेवढी नावापुढे पदव्यांची माळ लावणाऱ्यांच्या हाताखालीही शिकली नसतील. एवढं करून आज मी कपाटाच्या डोक्यावर बसले आहे आणि माझ्या टेबलावर तो मेला चंबू बसला आहे.

मी जळकी आहे, हे आधीच सांगून टाकते. बुडानेही आणि स्वभावानेही. तेव्हा चंबूबद्दल मी जे सांगेन त्यातलं थोडं वजा करून ऐकलंत तरी चालेल.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या एका गोल तुकड्यावर यंत्राने दाब दिला आणि मला पोट आलं. मग कुणी चोच डकवली, कुणी कान बसवला, कुणी चोचीवर शिट्टीचं टोपण घातलं. एकाच साच्यातल्या आम्ही पुष्कळ बहिणी. आमच्यात हेवेदावे नव्हते, कारण कुणाचं काही वेगळं नव्हतंच. हेवा म्हणजे काय ते मला दुकानात कळलं. तिथे माझ्या शेजारी काचेचा एक जग होता. गिऱ्हाईक आत आलं की पहिला हात त्याच्याकडे. लोक त्याला उजेडात धरायचे, त्याच्यावर टिचकी मारायचे आणि तो किणकिणला की खूश व्हायचे. मला टिचकी मारली तर मी 'ठक्' म्हणायचे. तेव्हापासून माझा काचेवर राग आहे.

एक दिवस एक आई आणि तिची लेक दुकानात आल्या. लेकीला विद्यापीठात शिकवायची नोकरी लागली होती. हीच माझी पुढची मालकीण. तिला पुढे सगळे बाई म्हणू लागले, म्हणून मीही बाईच म्हणते.

आई दुकानदाराला म्हणाली, "हिला शिट्टी वाजवणारी केटली द्या. एकदा लिहायला बसली की जगाचं भान नसतं हिला."

"आई, काहीतरीच तुझं!" लेक म्हणाली.

"काहीतरी कसलं? परवा दूध उतू गेलं, तेव्हा तू ओट्याशेजारीच बसली होतीस ना?"

दुकानदार हसला आणि माझ्यावर कागद गुंडाळू लागला. जगाकडे पाठ करून जाताना मला आनंद झाला तो एकाच गोष्टीचा. जग अजून तिथेच पडून होता.

बाईंच्या घरचे ते दिवस माझ्या सुखाचे. सकाळ-संध्याकाळ मी शिट्टी घालायची आणि बाईंनी धावत यायचं. पण आईचं म्हणणं खोटं नव्हतं. बाई एकदा लिहायला बसल्या की मी शिट्टी घालून घालून दमायचे. एका दुपारी तर मी ओरडत राहिले, ओरडत राहिले, आतलं पाणी संपलं, आवाज संपला, शिट्टीचं टोपण वितळून चोचीवरून खाली ओघळलं. कान वाकडा झाला. बूड काळंनिळं पडलं. शेवटी बाईंचे यजमान बाहेरून आले आणि नाक दाबून स्वयंपाकघरात धावले. त्यांनी मला चिमट्याने उचलून मोरीत आपटलं. चोच वाकली ती तेव्हा.

"अगं, घर पेटलं असतं! करत काय होतीस?"

"एक वाक्य राहिलं होतं."

"कसलं एवढं वाक्य?"

"निष्कर्षाचं," बाई म्हणाल्या.

यजमानांनी कपाळावर हात मारला. मला भंगारात द्यायचं ठरलं. पण संध्याकाळी बाईंनी मला मोरीतून उचललं आणि खिडकीशी धरून सगळ्या बाजूंनी फिरवलं. एवढ्या बारकाईने मला कुणी कधी पाहिलं नव्हतं, अगदी विकत घेतानाही नाही.

"अहो," बाई यजमानांना म्हणाल्या, "हिचं वर्णन करा म्हटलं तर माझ्या पोरांची दाणादाण उडेल."

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या पिशवीतून विद्यापीठात गेले.

तिथली खोली सांगते. मधे लांब टेबल, भोवती बाकं, एका भिंतीला फळा, दुसऱ्या भिंतीला काचेच्या दारांचं कपाट, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. पश्चिमेला खिडकी. शेजारी अशीच दुसरी खोली आणि मधे दार. बाईंनी अर्ध्या मुलांना पलीकडे पाठवलं आणि मला टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"समोर काय आहे?"

"केटली!" सगळे एका सुरात.

"ते मला माहीत आहे. पलीकडे बसलेल्यांना माहीत नाही. केटली हा शब्द लिहायचा नाही. जे दिसतंय तेवढंच लिहायचं. तुमचे कागद पलीकडे जातील आणि ते वाचून ती मुलं चित्र काढतील. चित्र माझ्यासारखं नाही, हिच्यासारखं आलं पाहिजे."

मुलांनी माना खाली घातल्या. कागद पलीकडे गेले. चित्रं परत आली. काय सांगू तुम्हाला! एकात मी बदक होते. एकात बूट. एकात बिनपायांचा हत्ती. एका चित्रात तर माझी चोच पोटाच्या आत गेली होती. वर्ग हसून हसून लोळला आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकेक चित्र माझ्या शेजारी उभं केलं. "चित्र आणि वस्तू शेजारी ठेवा आणि बघा. कुठे चुकलं?"

"बाई, यांना चित्रच काढता येत नाही," एकजण म्हणाला.

"तुम्ही लिहिलं तसंच त्यांनी काढलं आहे. वाच तुझं."

त्याने वाचलं. 'पोट मोठं आहे.' "कशापेक्षा मोठं?" बाईंनी विचारलं. 'चोच जरा वाकडी आहे.' "कुठल्या बाजूला? जरा म्हणजे किती?" आधी सगळी वस्तू सांगा, मग तिचे भाग, मग भागांवरच्या खुणा; आधी खुणा सांगितल्या तर वाचणारा त्या लावणार कुठे, असं त्या समजावून सांगत. एका मुलीने लिहिलं होतं, 'केटली बिचारी दिसते.' तिला बाई म्हणाल्या, "बिचारी किती सेंटिमीटर?" मुलगी खुदकन हसली आणि तिने तो शब्द स्वतःच खोडला. मला वाईट वाटलं. निदान बिचारी तरी राहू द्यायचं होतं.

पण खरा घाव पुढे बसला. शेवटच्या बाकावर एक लांबटांगा मुलगा होता. त्याने वाचलं, 'ही एक सुंदर, जुनी वस्तू आहे.'

सुंदर! माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. आईने घेतलं ते शिट्टीसाठी, बाईंनी वापरलं ते चहासाठी. मी वाकड्या कानाने तो शब्द ऐकतच राहिले.

"सुंदर कुणाच्या मते?" बाई म्हणाल्या.

"मला वाटली, बाई."

"तुला वाटलं हे तुझ्याबद्दलचं निरीक्षण झालं, हिच्याबद्दलचं नाही." आणि बाईंनी पेन्सिलीने त्यावर सरळ रेघ मारली.

बाईंचं बरोबर असेल. पण माझा जीव चुटपुटत राहिला. त्या लांबटांग्याचा चेहरा मी मनात ठेवून दिला.

वर्षांमागून वर्षं गेली. दर वर्षी नवी मुलं, नवी बदकं, नवे बूट. सुरुवातीला मुलं माझ्यावर वैतागायची. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचे कागद बदलायचे. चित्रं माझ्यासारखी यायला लागायची, ओघळलेलं टोपणसुद्धा जागच्या जागी. मग ती आपापल्या प्रयोगांचे अहवाल लिहायची आणि बाई ते वाचताना एखाद्या ओळीवर थांबून म्हणायच्या, "हे केटलीने शिकवलेलं." ते ऐकलं की मला वाटायचं, मोरीत आपटून घेतल्याचं सार्थक झालं. खरं सांगू? मला थोडी घमेंडही चढली होती. मी नसते तर बाईंचा तास कशावर चालला असता?

आणि मग तो लांबटांगा परत आला.

आता तो त्याच विभागात शिकवायला लागला होता. विभागाचे प्रमुख मोठे सर, म्हणून याला मुलं धाकटे सर म्हणू लागली. तो पहिल्याच दिवशी आमच्या खोलीत आला, मला पाहून "अरे, ही अजून आहे!" म्हणाला आणि माझ्या कानावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आला माझा कदर करणारा. बाईंना म्हणाला, "बाई, शास्त्रीय लेखनाचा एक वर्ग मीही घेणार आहे. तुमच्याच पद्धतीने." मी फुलून गेले. मनात म्हटलं, आता आपल्याला दोन-दोन तास.

दुसऱ्या दिवशी तो एक खोका घेऊन आला. कापूस बाजूला केला. आतून निघाला चंबू.

काचेचा, प्रयोगशाळेतला. तळ रुंद, मान निमुळती, ओठ गोल, अंगावर मापाच्या पांढऱ्या रेघा. कुठून बघा, सारखाच दिसायचा. खिडकीतला उजेड त्याच्यातून आरपार गेला आणि टेबलावर नाचायला लागला. आणि माझ्या बाई, त्याच बाई, सुंदर शब्दावर रेघ मारणाऱ्या, पुढे वाकून म्हणाल्या, "सुंदर आहे हो!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाच्या मते? कशावरून? विचारा ना आता! पेन्सिल कुठे गेली? पण कुणी काही विचारलं नाही, आणि रेघही मारली नाही.

त्या दिवसापासून मी त्याला पाण्यात पाहू लागले.

आम्हाला एकाच कपाटात ठेवलं होतं. तो वरच्या फळीवर, मी खालच्या. धाकट्या सरांच्या वर्गात खेळ तोच, वस्तू फक्त वेगळी. अर्धी मुलं चंबू बघून लिहायची, अर्धी पलीकडे बसून काढायची. आणि काय सांगावं, चित्रं परत यायची ती हुबेहूब चंबूचीच. एकही बदक नाही, एकही बूट नाही. मुलं टाळ्या वाजवायची. "जमलं, जमलं!" करत उड्या मारत बाहेर पडायची. आमच्या तासाहून मात्र तोंडं पाडून जायची. लवकरच मुलांत एक बोलणं सुरू झालं. बाईंकडे जा आणि बदक काढा, सरांकडे जा आणि शाबासकी काढा.

पुढच्या वर्षी त्याच्या वर्गाला बाकं पुरेनात. माझ्यासमोर अर्धी बाकं रिकामी.

बाई कुणाला काही बोलत नसत. पण एकदा शिपाईकाका खोली बंद करायला आले तेव्हा बाई खुर्चीतच बसून होत्या. काकांनी विचारलं, "बाई, बरं नाही का?"

"बरी आहे हो. पण काका, खरं सांगू? मला जळायला होतं. मीच शिकवलेला मुलगा, माझीच पद्धत, आणि पोरं त्याच्याकडे. वर तोंडाने मी त्याचं कौतुक करते."

"होतं असं. माझा धाकटा भाऊ माझ्याआधी कायम झाला," काका म्हणाले. "मी पेढे वाटले, पण खाल्ला नाही एकही."

बाई हसल्या. मला बाई तेव्हा जितक्या आपल्या वाटल्या, तितक्या कधी वाटल्या नाहीत. आम्ही दोघी एकाच चुलीवर बसलो होतो.

एक दिवस धाकटे सर बेसिनशी चंबू धूत होते. खांद्यावर मान वाकडी करून फोन धरलेला, हसणं-खिदळणं चाललेलं. चंबूचा ओठ नळाला लागला. टिक् असा एवढासा आवाज झाला. सरांनी त्याला फिरवून बघितलं, काही दिसलं नाही, पुसून ठेवून दिलं.

मला दिसलं. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की ओठापासून मानेखालपर्यंत केसाएवढी बारीक रेघ चमकायची. चंबूला तडा गेला होता. सरांना ते दिसलं नाही, मुलांना दिसलं नाही, बाईंनाही नाही. मला दिसलं, कारण मी दिवसभर दुसरं काही करतच नव्हते. ज्याच्यावर आपण जळतो त्याला जेवढं निरखून बघतो, तेवढं आवडत्याला सुद्धा बघत नाही.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नाव मोठं, लक्षण खोटं! आज ना उद्या जाईल फुटून, म्हटलं, आणि उतरेल सगळी मिजास.

त्याच आठवड्यात मोठ्या सरांनी दोघांना बोलावलं. पुढच्या वर्षी वेळापत्रकात लेखनाला एकच तास मिळणार होता, म्हणून दोनातला एकच वर्ग ठेवायचा होता. "दोघांनी एकेक तास घ्या, त्याच मुलांना. मी मागे बसून बघतो," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. खोलीत परत आल्यावर त्यांनी मला फडक्याने पुसलं, म्हणजे उगीच, कारण पुसून मी काही उजळणारी नव्हते. तास गेला तर बाईंना मग नुसत्या परीक्षांचे पेपर तपासायला बसवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि माझं काय होणार, तेही मला माहीत होतं. पुन्हा भंगार.

ठरल्या दिवशी पहिला तास आमचा. मुलं या खेळाला नवी होती. त्यांत एक मुलगी होती, तिला सगळे 'किती' म्हणत. तिला पाणी आण म्हटलं तरी "किती?" विचारायची, थांब म्हटलं तरी "किती?" विचारायची. बाईंची ती लाडकी. ती लिहिणाऱ्यांत बसली आणि माझ्यावरचा एकेक पोचा मोजून लिहू लागली. माझ्या अंगावरची एकही खूण तिने सोडली नाही. पण सगळी वस्तू सांगायची ती विसरली. पलीकडून तिचं चित्र आलं तेव्हा त्यात मी नव्हतेच. खड्डे पडलेला एक बटाटा होता.

वर्ग खो खो हसला. मोठे सर सुद्धा गालात हसले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. आमची किती लालबुंद झाली. बाकीची चित्रंही तशीच, झारी काय, चप्पल काय. आपलंच नाणं खोटं, दोष कुणाला द्यायचा? बाई शांतपणे म्हणाल्या, "चित्र आणि वस्तू शेजारी ठेवा आणि बघा." पण त्यांचा आवाज बसला होता.

मग धाकटे सर उठले. मला उचलून फळीवर ठेवलं आणि चंबू टेबलावर आला. आता मुलं उलटी झाली. आधी लिहिणारी पलीकडे चित्र काढायला गेली, त्यांत ती 'किती'सुद्धा गेली. थोड्या वेळाने चित्रं आली. एकूण एक चंबू. मान चंबूची, तळ चंबूचा, रेघासुद्धा बरोबर.

"वा!" मोठे सर म्हणाले. "याला म्हणायचं शास्त्रीय लेखन."

माझ्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मी फळीच्या कडेवरून बघत होते आणि आत काही उकळत नसतानाही मला भाजल्यासारखं झालं.

"आता पुढचा भाग," धाकटे सर खुशीत म्हणाले. "हा तापवायचा आणि जे जे घडेल ते घडेल तसं लिहायचं. सगळे जवळ या, अगदी जवळ." त्यांनी चंबूत पाणी ओतलं, दोन थेंब निळी शाई टाकली आणि बर्नर पेटवला.

दोन्ही खोल्यांतली मुलं टेबलाभोवती दाटली. पुढच्या मुलांची हनुवटी जवळजवळ चंबूच्या ओठाला लागत होती. मी इतके दिवस त्याच्या फुटण्याची वाट बघत होते, आता वेळ आली होती. पण तो फुटणार होता तो या मुलांच्या तोंडावर. मला शिट्टी घालायची होती हो! पण माझी शिट्टी कधीच ओघळून गेली होती.

किती मागून पुढे आली. तिच्या हातात तिने काढलेलं चित्र होतं. हा चंबू ती आज पहिल्यांदाच बघत होती. तिने चित्र चंबूच्या शेजारी धरलं आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागली.

"सर, थांबा."

"काय गं?"

"ही रेघ माझ्या चित्रात नाही."

"कसली रेघ?"

"ओठापासून खाली आली आहे. कुणी लिहिलीच नव्हती."

"केस असेल अगं, पुस!" कुणीतरी म्हणालं. मागे खसखस पिकली. मघाचा बटाटा अजून कुणी विसरलं नव्हतं.

कितीने बोटाने पुसलं. "जात नाही. सर, बर्नर बंद करा ना. आधी बघा तरी."

सरांनी बर्नर बंद केला. चंबू उचलून बेसिनमध्ये रिकामा केला आणि खिडकीशी धरला. पाणी गेलं, पण शाई तड्यात शिरून राहिली होती. ओठापासून मानेखालपर्यंत एक निळी रेघ. आता ती मागच्या बाकावरून सुद्धा दिसत होती.

सर पांढरेफटक पडले आणि मिळेल त्या बाकावर बसले. "तापला असता तर..." एवढंच म्हणाले.

बाईंनी लिहिणाऱ्या मुलांना विचारलं, "तुम्ही तासभर याच्यासमोर बसला होतात. एकालाही दिसलं नाही?"

मुलांनी आपापले कागद पुन्हा चाळले. शेवटी एकजण म्हणाला, "बाई, चंबू कसा असतो ते शाळेपासून माहीत आहे. म्हणून तसंच लिहिलं."

"आणि काढणाऱ्यांनाही माहीत होतं. म्हणून चित्रं बरोबर आली," बाई म्हणाल्या. "चंबू कुणी बघितलाच नाही. ना लिहिणाऱ्यांनी, ना काढणाऱ्यांनी, ना आम्ही."

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं मला जोरात म्हणावंसं वाटलं. मी जिंकले होते! मोठे सर उठले, त्यांनी कितीच्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंना म्हणाले, "तास तुमचाच राहील, बाई."

मी टेबलावरच्या माझ्या जागेकडे बघितलं. आता धाकट्याला म्हणतील, आवरा तुमचं चंबूगबाळं.

बाई म्हणाल्या, "तास आम्ही दोघं मिळून घेऊ. याच्याकडे मुलं येतात, त्याचा उपयोग करायला नको का?" आणि धाकट्या सरांकडे वळून म्हणाल्या, "तो चंबू टाकू नकोस. मला दे."

"बाई, तडा गेलाय त्याला."

"म्हणून तर. केटली वेडीवाकडी आहे, ती पाहताच मुलं सावध होतात. वेड्यावाकड्या वस्तूकडे सगळेच बघतात रे. माहीत असलेल्या वस्तूकडे बघायला शिकवणं, ते खरं अवघड. पुढच्या वर्षापासून टेबलावर हा ठेवू."

धाकट्या सरांचे डोळे भरून आले. बाई त्याच्या डोक्यावर टपली मारून हसल्या. अगदी मनापासून हसल्या, मी बघत होते ना. इतके दिवस आम्ही दोघी मिळून जळत होतो आणि विझल्या त्या एकट्याच! मला विचारलंही नाही. चंबूगबाळं आवरावं लागलं ते मला.

तेव्हापासून मी इथे, कपाटाच्या डोक्यावर आहे. झाकण कुठेतरी हरवलं. माझ्या पोटात फळ्यावर लिहायची पेनं कोंबली आहेत, त्यातली निम्मी वाळलेली. शिक्षण पुरं करून जाताना कितीने विचारलं होतं, "बाई, ही मी नेऊ?" बाई पटकन म्हणाल्या, "नको, राहू दे तिला इथेच." तेवढ्यावर मी बरेच दिवस काढले.

कालच नव्या वर्षाचा पहिला तास झाला. चंबू टेबलाच्या मधोमध. शाई केव्हाच धुऊन काढली आहे, रेघ पुन्हा केसाएवढी झाली आहे. मुलांनी लिहिलं, पलीकडच्यांनी काढलं, सगळी चित्रं बरोबर. बाई आणि धाकटे सर शेजारी शेजारी उभे होते, काही न बोलता.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं!"

"पुन्हा बघा."

मुलांनी पुन्हा बघितलं. म्हणजे मोबाईलकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. रेघ चमकत होती. तो बिचारा गप्प उभा होता. हो, बिचारा, खोडायचं तर खोडा. मला पोरांनी बदक म्हटलं, बूट म्हटलं, बटाटा म्हटलं, पण डोळे फाडफाडून बघून म्हटलं. याला आल्या दिवसापासून जो तो वा वा करतो आणि पुढे जातो. त्याला निरखून बघणारी एक मीच, आणि तीही जळत जळत.

अजून जळतेच मी. ते माझ्याने सुटायचं नाही. पण तुम्ही कधी त्या खोलीत आलात, तर वर माझ्याकडे बघत वेळ घालवू नका. त्या टेबलाशी बसा. चंबू कसा असतो ते घटकाभर विसरा, आणि तो जसा आहे तसा बघा. जवळ जा, फिरवा, उजेडात धरा. ती जागा माझी होती हो. ती अशी फुकट घालवू नका.